दुसऱ्या भागात तेलच नाही

‘रेशमी अंगार’चा दुसरा भाग आसगावात पडला तो एका रविवारी, दुपारी साडेतीनच्या सुमाराला, रुपाच्या घरच्या टीव्हीवर. पाहणाऱ्या बाया पाच. त्यातल्या चौघींना सिनेमा आवडला नाही, म्हणून त्या चिडल्या होत्या. पाचवी चंद्रकांता. बाकीच्या चौघींना सिनेमा का आवडला नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं, म्हणून ती भर जानेवारीत घामाघूम झाली होती.

तयारी तशी चोख होती. पुरुषमंडळी शेजारच्या गावी शंकरपटाला गेलेली. बैलांच्या जोड्या धावताना पाहायला गेलेला माणूस दिवस मावळल्याशिवाय घराकडं तोंड करत नाही, आणि केलं तरी दुसऱ्या दिवशीपर्यंत बैलांचंच बोलतो. रुपाची सासू लेकीकडं गेली होती. बेबीबाईनं आदल्या दिवशीच हुकूम सोडला होता की प्रत्येकीनं टोपलीभर पोपटीच्या शेंगा सोलायला घेऊन यायच्या. कोणी दारातून डोकावलंच तर टीव्ही बंद, शेंगा चालू.

बेबीबाई म्हणजे गावातल्या धानाच्या रोवणीला जाणाऱ्या अकरा बायांची म्होरकी. कोणाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, कधी जायचं, किती वाजता भाकरी सोडायची, कोणी कोणाच्या शेजारी उभं राहायचं, सारं ती ठरवायची. सिनेमा पाहायलाही तिनं तसंच बसवलं. मधात चंद्रकांता, तिच्या एका बाजूला दुर्गाबाई, दुसऱ्या बाजूला म्हातारी रुखमिणी. रिमोट रुपाकडं, कारण बाकीच्यांच्या हातात तो उलटाच धरला जाई.

“तू मधात बस, चंद्रे,” बेबीबाई म्हणाली. “काई समजलं नाई तं सांगशीन. पहिला भाग तुलेच ठाऊक हाये.”

इथंच पहिला घाम फुटला.

सिनेमा सुरू झाला आणि चंद्रकांतानं कधी विचारही केला नव्हता अशी गोष्ट घडली. त्या लोकांनी आधी मागच्या भागातलं थोडं थोडं दाखवलं. हॉटेलचा मालक राजवीर, त्याची ती काचेची लिफ्ट, लिफ्टमधली मायरा, मग पाऊस, मग टब, मग मेणबत्त्या, मग पुन्हा टब. दोन मिनिटांत मागचा भाग संपला.

“अन् तेल?” रुखमिणी म्हणाली.

सोलता सोलता तिची शेंग हातातच राहिली.

“तेल लावते ना तो तिच्या पायाले? दुपट्ट्यात पाय घेऊन? ते कुठी गेलं?”

“मागं घे वं,” बेबीबाईनं रुपाला सांगितलं. रुपानं मागं घेतलं. पुन्हा लिफ्ट, पाऊस, टब, मेणबत्त्या, टब. तेल नाही.

बेबीबाईनं शेंगेचं टरफल टोपलीत टाकलं आणि निकाल दिला. “कापलं असन. सरकार कापते असं. सेन्सारवाल्याईनं तेल कापलं.”

“अन् हे बाकीचं सारं ठेवलं?” रुखमिणीनं पडद्याकडं बोट दाखवलं. तिथं राजवीर उघड्या अंगानं स्वतःची मोटारबोट चालवत होता. कुठं जात होता ते सिनेमाच्या शेवटपर्यंत कळलं नाही.

हे तेल काय प्रकरण होतं ते समजायला मागच्या पावसाळ्यातल्या रोवणीत जावं लागतं.

रोवणीत बाया ओणव्या होऊन रांगेनं धान लावतात आणि लावता लावता मागं मागं सरकतात. बाकी जगात मंद माणूस मागं पडतो. रोवणीत तो पुढं राहतो, आणि लाज तेवढीच. बाकीच्या दहा जणी मागं निघून गेल्या की एकटी चंद्रकांता पुढं चिखलात उरायची. तिचा उजवा गुडघा दोन वर्षांपासून रुसला होता. आधी तिला रांगेच्या टोकाला, धुऱ्याजवळ म्हणजे बांधाशी लावलं, म्हणजे धुऱ्याचा आधार घेता येईल. मग एक दिवस बेबीबाई हळूच म्हणाली होती, “चंद्रे, येत्या हंगामाले तुले दुसरं काई पाहा लागन.” दुसरं काही म्हणजे काय, हे दोघींपैकी कोणालाच माहीत नव्हतं. सतराव्या वर्षापासून चंद्रकांता याच बायांबरोबर वाकत आली होती. घरी बसली असती तर जेवायला मिळालं नसतं असं नाही. पण बोलायला कोण मिळालं असतं? नवरा पुंडलिक दिवसभरात मोजून वीस शब्द बोलायचा, त्यातले बारा बैलांशी.

रांगेत कोणीतरी गोष्ट सांगायची, ही जुनी रीत. गोष्ट चालू असली की हात आपोआप चालतात आणि कंबर आपली आहे हे विसरायला होतं. पूर्वी बेबीबाई टीव्हीवरच्या मालिका सांगायची. पण आता मालिका सगळ्याच बघतात, कोणाला सांगणार? त्या पावसाळ्यात रांग मुकी झाली होती. आणि तेव्हाच नागपूरला नर्सिंग शिकणाऱ्या लेकीनं, शुभांगीनं, आपला जुना मोबाइल आईला दिला. मोबाइलच्या रिचार्जबरोबर सिनेमे फुकट आले. चंद्रकांतानं गोठ्यात उभं राहून, कानात वायर घालून, चुकून ‘रेशमी अंगार’वर बोट ठेवलं.

चाळीस मिनिटं पाहिलं. मग म्हैस हंबरली आणि तिला वाटलं, म्हशीनंही पाहिलं. पुन्हा उघडायचा धीर झाला नाही. त्या चाळीस मिनिटांत हिरो-हिरोइन मिळून बारा वाक्यं बोलले असतील. पण गोष्ट म्हणून सांगायला सुरुवात केली तेव्हा ती चार दिवस पुरली.

कारण बाकीची चंद्रकांतानं मनानंच लावली. मायराला तिनं हॉटेलात दिवसभर उभं राहायचं काम दिलं, राजवीरशी लग्न लावून तोंडाची फाटकी सासू दिली, तिला एक धाकटी बहीण दिली. नको त्या जागा आल्या की ती म्हणायची, “बरं, आता पेंड्या घ्या.” साऱ्या बाया हसत हसत वाकून पऱ्ह्याच्या, म्हणजे रोपांच्या, नव्या पेंड्या उचलायच्या, आणि तेवढ्यात ती जागा निघून जायची. आणि तिसऱ्या दिवशी तिनं ते तेल आणलं.

मायराच्या पायांना चिखल्या झाल्या होत्या. काचेच्या हॉटेलात चिखल्या कशा झाल्या हे अकरातल्या एकीनंही विचारलं नाही. राजवीर खाली बसला, खांद्यावरचा दुपट्टा मांडीवर पसरला, तिचा पाय त्यात घेतला. करंजीचं तेल हळद घालून कोमट केलेलं. एकेक बोट वेगळं करून, पऱ्ह्याची गुंती सोडवावी तसं, त्यानं मधल्या फटीत थेंब थेंब सोडलं आणि वरून फुंकर घातली. बोलला काहीच नाही. झाल्यावर पाय दुपट्ट्यात गुंडाळून बाजेवर ठेवला आणि म्हणाला, “सकाळपर्यंत उतरजो नोको.”

पंचतारांकित हॉटेलच्या मालकाकडं दुपट्टा आणि बाज कुठून आली, हेही कोणी विचारलं नाही. रांगेत पाण्याचा आवाज तेवढा राहिला. मग बेबीबाईनं नाक ओढलं आणि म्हणाली, “चंद्रे, उद्यापासून मधात उभी राहजो. टोकाच्या बायाईले आयकू येत नाई.”

मधल्या बाईचा मान असा की ती मागं राहू नये म्हणून दोन्ही बाजूच्या बाया तिच्या वाट्याची दोन-दोन रोपं लावून देतात. दुर्गाबाई डावीकडून, रुखमिणी उजवीकडून. गुडघ्याचं कोणी नाव काढलं नाही. हंगाम निघाला.

तर आता दुसरा भाग. राजवीरला मोटारबोटीवर अपघात होऊन त्याची आठवण गेली. मायरा त्याला आठवण करून देत होती, आणि आठवण करून द्यायची तिची एकच रीत होती. पहिल्या वेळी बेबीबाई म्हणाली, “पेंड्या घ्या!” आणि पाचही जणी खाली वाकून शेंगा सोलू लागल्या. सहाव्या वेळी कोणी सांगायची गरज उरली नाही. शेंगा संपल्या तरी सिनेमा संपेना.

“दोघं बी पाण्यातच राह्यते,” रुखमिणी म्हणाली. “टबात पाणी, समुद्रात पाणी, वरून पाऊस. आपण बी तं दिवसभर पाण्यात उभ्या राह्यतो. आपल्याले काहून काई सुचत नाई?”

“बॉडी चांगली हाये पण त्याची, आजी,” रुपा म्हणाली.

“बॉडी पाहून काय करू? धानाची पोती उचलाले लावू?”

“पहिल्या भागात कसा माणूस होता बाप्पा!” बेबीबाई खरोखर दुखावली होती. “तिले इचारे, थकली का म्हणून. तिच्या बहिणीच्या शाळेचं पाहे. अन् ह्यो? नुसता धापा टाकते. पट हारल्या बैलावानी.”

“त्याची आठवण गेली ना, काकू.”

“आठवण गेली म्हणून अक्कल बी जाते का वं?”

दुर्गाबाई आतापर्यंत गप्प होती. चंद्रकांताची ती भिंतीला भिंत लागून शेजारीण. बोलायची कमी, पण तिच्या अंगणातून चंद्रकांताचं अंगण पुरतं दिसायचं. ती एवढंच म्हणाली, “मले तं हा हिरोच दुसरा वाटला.” आणि चंद्रकांताकडं न बघता शेंगांची टोपली झटकली.

सिनेमा संपला. राजवीरला आठवण आली, ती टबातच आली. बेबीबाईनं हात जोडले. रुपानं रिमोट फिरवत सहज म्हटलं, “पहिला भाग बी हाये ना इथीच. मी आज संध्याकाळी पाहून घेतो. सेन्सारवाल्याईनं तेल कुठून कापलं ते तरी समजन.”

“कायले उगाच डोळे फोडतं,” चंद्रकांता म्हणाली. “उद्या रोवणी हाये. लवकर झोप.”

“दोनच घंट्याचा हाये, काकू.”

घरी जाताना चंद्रकांताचा गुडघा पहिल्यांदाच पावलागणिक बोलला. पुंडलिक पटावरून आला, जेवला, कोणती जोडी जिंकली ते सांगितलं. त्याचे दिवसाचे शब्द संपले. ती चुलीपुढं बसून राहिली. खोटं सांगितलं याचं तिला एवढं वाटत नव्हतं. गोष्टीत खोटं असायचंच. पण त्या बायांनी ते तेल खरं मानलं होतं. रुखमिणीनं तर त्यानंतर आपल्या म्हाताऱ्याला पायाला तेल लावायला सांगितलं होतं आणि त्यानं नाही म्हटलं म्हणून दोन दिवस त्याच्याशी बोलली नव्हती.

सोमवारी सकाळी कालव्याचं पाणी बांधीत बर्फासारखं होतं. उन्हाळी धानाची रोवणी अशीच सुरू होते, दात वाजवत. बाया रांगेत उतरल्या. चंद्रकांता मधात. पलीकडच्या बांधीत पुंडलिक आणखी दोघांबरोबर पऱ्हे उपटून पेंड्या बांधत होता.

रुपानं पहिली पेंडी सोडेपर्यंतही दम धरला नाही.

“मी काल सारा पाह्यला, पहिला भाग,” ती म्हणाली. “तेल नाई.”

“कापलं असन,” रुखमिणी म्हणाली.

“तिची सासू बी नाई, आजी. बहीण बी नाई. तिच्या पायाले काईच होत नाई, ती तं उंच टाचाच्या चपला घालून पळते. अन् राजवीर तिले एकदा बी थकली का म्हणून इचारत नाई.” रुपा आता घाबरली होती, कारण रांग थांबली होती. “मले वाटलं, मीच दुसरा पाह्यला का.”

अकरा बायांच्या हातातली रोपं तशीच राहिली. बेबीबाई सरळ उभी झाली. रोवणीच्या मधात बेबीबाई सरळ उभी राहणं म्हणजे साधी गोष्ट नव्हे.

“चंद्रे?”

“मी चाळीस मिनिट पाह्यला,” चंद्रकांता चिखलाकडं बघत म्हणाली. “मले पुढं पाहाची लाज वाटली. बाकीचं मी... लावलं.”

“सारं?”

“लिफ्ट खरी होती.”

एरवी यावर कोणी तरी हसलं असतं. बेबीबाईनं हातातली रोपं पाण्यात टाकली. “मी माह्या लेकीले फोन करून सांगतलं तं,” ती म्हणाली, “का बाई, पिच्चरमधला माणूस बी असं करते, तुह्या नवऱ्याले सांग. तिनं त्याले सांगतलं बी. अन् तू लावलं म्हणतं?” तिनं पदर खोचला. “धुऱ्याकडं जा.”

चंद्रकांता गेली. पाण्यातून रांगेच्या टोकापर्यंत चालायला पंधरा-वीस पावलं, पण सगळ्यांच्या पाठीमागून जावं लागतं. टोकाला पोचून ती वाकली. धुऱ्यावर हात टेकला. रांग सुरू झाली, मुकी. थोड्याच वेळात बाकीच्या मागं निघून गेल्या आणि ती एकटी पुढं उरली. कोणी मुद्दाम केलं नव्हतं. तिच्या वाट्याची रोपं लावून द्यायला आता शेजारी दुर्गाबाई-रुखमिणी नव्हत्या, एवढंच.

ऊन वर आलं. एक बांधी झाली, तीही वाकडी. बेबीबाईनं दोनदा रांग सरळ करायला लावली आणि तिसऱ्यांदा नाद सोडला. गोष्ट नसली की प्रत्येकीला आपली कंबर आठवते, आणि कंबर आठवली की हात मोजून चालतात.

“बरं, एक सांगा,” रुखमिणी एकाएकी मोठ्यानं म्हणाली. म्हातारीला मनात काही ठेवता येत नसे. “पिच्चरमधी तेल नाई. सेन्सारवाल्यानं बी नाई कापलं. मंग तेल लावणारा तो कोण होता? दुपट्टा, बाज, हळद... असं बसल्या बसल्या सुचते का कोणाले?”

चंद्रकांतानं चिखलात आणखी एक रोप खोचलं.

“मी पाह्यला तो,” दुर्गाबाई म्हणाली.

आता दुर्गाबाईच सरळ उभी झाली होती.

“चार वर्सं झाले असन. तवा बी रोवणीच होती. ही चार दिवस पाय टेकवत नोहती. मी अंगणात वाळलं धान गोळा करत होती संध्याकाळच्या पाहारी. बाजेवर ही बसली, अन् खाली तो. एकेक बोट वेगळं करून तेल लावून राह्यला होता. फुंकर मारे. मले पाह्यलं अन् लाजून तेलाची वाटीच सांडली त्यानं. वाटीचं तिनं गोष्टीत नाई सांगतलं. मी वाट पाहून राह्यली होती.”

“कोण पण?” रुपानं विचारलं. ती गावात नवी होती.

कोणाला उत्तर द्यावं लागलं नाही. धुऱ्यावरून पुंडलिक येत होता. गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्याला मळका दुपट्टा, दोन्ही हातांत पऱ्ह्याच्या पेंड्या. तो नेहमीसारखा कोणाकडं न बघता आला आणि पेंड्या टाकायला थांबला. मग त्याला जाणवलं, दहा बाया ओळीनं उभ्या राहून त्याच्या हातांकडं बघताहेत.

त्यानं आधी हातांकडं पाहिलं. मग पेंड्यांकडं.

“काय जी?” तो म्हणाला. “कमी पडल्या का?”

रुपानं तोंडात पदर कोंबला. रुखमिणी बिनदिक्कत हसली, मग एकेक करत सारी रांग, आणि शेवटी बेबीबाईसुद्धा. पुंडलिकला काहीच कळेना. त्यानं बायकोकडं पाहिलं. ती धुऱ्याला धरून खाली बघत होती आणि तिचे कान लाल झाले होते.

“कमी नाई पडल्या, भाऊ,” बेबीबाई डोळे पुसत म्हणाली. “पिच्चर पाहून राह्यलो. दुसरा भाग.” मग ती टोकाकडं वळली. “ये वं इकडं. मधात. मले लेकीले फोन करून सांगा लागन, पिच्चरमधला नाई, गावातला हाये म्हणून. ते तं आणखी बरं हाये. अन् हे पाह्य, काल जो भाग पाह्यला तो बेकार होता. खरा दुसरा भाग काय झाला ते सांग आता.”

चंद्रकांता पाण्यातून परत आली. दुर्गाबाई अन् रुखमिणी सरकल्या, मधात तिच्यापुरती जागा झाली. ती वाकली. हात चालू झाले, रांग चालू झाली. तोंडातून मात्र शब्द निघेना. पहिल्या भागात तिनं सासू लावली होती, बहीण लावली होती, हॉटेल लावलं होतं. दुसऱ्या भागात लावायला तिच्याकडं काही नव्हतं. तेलानंतर काय झालं? पाय बरे झाले. ती रोवणीला गेली. बस.

“मंग?” रुखमिणी.

“मंग तिचे पाय बरे झाले,” चंद्रकांता म्हणाली. “अन् ती कामाले लागली. तिले भल्लं बरं वाटलं होतं. पण तिनं त्याले सांगतलंच नाई.”

“काहून वं?”

“तो बोलत नाई म्हणून ती बी बोलली नाई. तिले वाटे, त्याले ठाऊकच असन. त्याले वाटत असन का हिले आवडलंच नाई. वाटी सांडली म्हणून रागावली असन. मंग त्यानं पुन्हा कधी तेल काढलं नाई. असे चार वर्सं गेले.”

रांगेत पाण्याचा आवाज तेवढा राहिला. धुऱ्यावर पुंडलिक अजून उभाच होता. हातातल्या पेंड्या खाली ठेवून तो एका पेंडीची गाठ सोडत होता. पेंडी सोडायला इतका वेळ लागत नाही. शिवाय पेंडी सोडणं त्याचं कामच नव्हतं, ती बायाच सोडतात.

“मंग?” तो म्हणाला.

साऱ्या बाया एकदम थांबल्या. दिवसाच्या वीस शब्दांतला हा एक त्यानं इथं खर्च केला होता.

“मंग सांगतलं का तिनं?”

“भाऊ, तुमी मधात बोलू नोका,” बेबीबाई म्हणाली, पण रागानं नव्हे. “रांग अडते.”

चंद्रकांतानं मान वर केली. चिखलाचा हात कपाळाला लागला, तिथं पट्टा उमटला. चार वर्षांत तिनं नवऱ्याकडं इतक्या माणसांसमोर इतकं सरळ पाहिलं नव्हतं.

“सांगते ना, अजी,” ती म्हणाली. “पहिले पेंड्या तं टाका.”